धक्क्याखाली कोण आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि आमची लेक असे तिघे इंग्लंडला जाऊन आलो. आम्ही दोघेही शिक्षक. एकाचा विषय विज्ञान, दुसऱ्याचा उर्दू आणि मराठी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आमची नोकरी. शिक्षकाच्या पगारात विलायत कुठली! पण साउदॅम्प्टनला राहणारी आमची धाकटी बहीण तीन वर्षे मागे लागली होती, आणि शेवटी तिकिटे पाठवूनच मोकळी झाली. लंडनचे राजवाडे आणि संग्रहालये आम्ही पाहिली. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला लिहायचे आहे ते समुद्रकाठच्या एका धक्क्याविषयी.

बहिणीचा मुलगा विद्यापीठात शिकतो. तिथल्या क्लबात तो स्कूबा डायव्हिंग शिकला आहे. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत हिंडायचे. पहिल्याच रविवारी जेवताना तो म्हणाला, "मामू, मामी, येत्या शनिवारी आपण स्वॉनेजला जाऊ या. मी तिथल्या धक्क्याखाली बुडी मारणार आहे."

"मला पण नेशील?" लेकीने लगेच विचारले. ती सतरा वर्षांची आहे.

आमचा घास हातातच राहिला. धक्क्याखाली उतरणे म्हणजे काय असते, हे आम्ही गावी पाहिले आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावी होऊन शाळेतून बाहेर पडलेला आमचा एक विद्यार्थी चुलत्याच्या बोटीवर जात असे. पट्टीचा पोहणारा. एका संध्याकाळी धक्क्याला लावलेल्या बोटीच्या पंख्यात जाळे अडकले. असे नेहमीच होते आणि सोडवायला कोणीतरी पोरच उतरते. तो सुरी घेऊन खाली गेला. तेवढ्यात दुसऱ्या बोटीला जागा हवी म्हणून कोणीतरी हाक मारली आणि वरच्या खलाशाने इंजिन सुरू केले. खलाशी दुष्ट नव्हता, दारू प्यालेलाही नव्हता. पोरगा खाली आहे हे त्याला माहीतच नव्हते. पोरगा वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, पंखा फिरायच्या आधी मी खालून ठोकत होतो. कोणाला ऐकूच गेलं नाही."

हे सगळे आम्ही भाच्याला सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, म्हणूनच या. तिथे कसं करतात ते बघा."

साउदॅम्प्टनहून मोटारीने दीडएक तासावर डॉर्सेट परगण्यात स्वॉनेज आहे. वाटेत कॉर्फ किल्ल्याचे अवशेष टेकडीवर उभे दिसतात. १६४६ साली पार्लमेंटच्या सैन्याने हा किल्ला घेतला आणि नंतर सुरुंग लावून पाडला. तिरके झालेले बुरूज अजून तसेच आहेत. पुढे घाट उतरल्यासारखा रस्ता समुद्राकडे वळतो आणि एका बाजूला पांढऱ्या खडूचे कडे असलेला उपसागर समोर येतो.

आपल्या कोकणात जसा जांभा, तसा या भागात पर्बेकचा दगड. स्वॉनेज त्या दगडावरच मोठे झाले. इथला दगड जहाजांतून लंडनला जाई आणि रिकामी जहाजे डोलू नयेत म्हणून परतताना लंडनच्या जुन्या वस्तू वजनासाठी भरून आणत. त्यामुळे या छोट्या गावात लंडनच्या रस्त्यांवरचे लोखंडी खुंट दिसतात. वेलिंग्टनच्या स्मरणार्थ लंडन ब्रिजपाशी बांधलेला एक मनोरा रहदारीला अडचण होतो म्हणून काढला गेला, तोही १८६७-६८ च्या सुमारास इथेच येऊन किनाऱ्यावर उभा राहिला. आमची लेक म्हणाली, "म्हणजे लंडनचं भंगार!" बहिणीने तिला दटावले, पण हसू तिलाही आवरले नाही.

दगड चढवण्यासाठीच इथला पहिला लाकडी धक्का १८६० च्या सुमारास बांधला गेला. त्यावर घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे रूळ होते. पुढे आगबोटींतून प्रवासी येऊ लागले, तेव्हा शेजारीच दुसरा धक्का उभारला. त्याचे काम १८९५ मध्ये सुरू झाले आणि १८९७ मध्ये रीतसर उद्घाटन झाले. पहिल्या धक्क्याचे आता फक्त खुंट उरले आहेत. त्यांवर समुद्रपक्षी पंख वाळवत बसतात. दुसरा सुमारे २०० मीटर लांबीचा धक्का मात्र अजून कामात आहे. लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याचे खांब खातात. ते खांब वेळोवेळी बदलावे लागतात आणि त्यासाठी पैसा लोकांकडून जमतो. पायाखालच्या फळ्यांवर देणगीदारांनी आपल्या माणसांच्या नावांच्या छोट्या पितळी पट्ट्या बसवल्या आहेत. नावे वाचत चालताना आपोआप पावले जपून पडतात.

हा धक्का नुसता फिरायला नाही. शेजारच्या पूल नावाच्या बंदरातून (गावाचे नावच पूल आहे) प्रवासी बोटी इथे येतात. डायव्हिंगवाल्यांच्या बोटी सुटतात. गळ टाकून मासे धरणारे कठड्याला टेकून उभे असतात. १९४६ साली बांधलेली 'वेव्हर्ली' ही बाजूला चाके असलेली वाफेची बोटही इथे येत आली आहे. समुद्रात प्रवासी नेणारी अशा जातीची ती जगातली शेवटची बोट. आणि या सगळ्या ये-जा करणाऱ्या बोटींच्या खाली, खांबांच्या मधून माणसे पोहत असतात! धक्क्यावरची डायव्हिंगची शाळा १९५८ पासून चालू आहे.

धक्क्याखाली जायचे तरी कशाला, हे आम्ही भाच्याला विचारलेच. तो म्हणाला, भरतीच्या वेळीही तिथे पाणी फार तर पाचएक मीटर. पण उघड्या वाळूवर जे दिसत नाही ते खांबांवर दिसते. कालवांसारख्या धारदार कवचांचे थर, रंगीत स्पंज, शेवाळ. खांबाच्या भेगेतून डोक्यावर तुरे असलेला बोटाएवढा मासा डोकावतो. लांब तंगड्यांचे खेकडे खांब चढतात. वसंतात माकलं अंडी घालायला किनाऱ्याशी येतात. सावली, आधार आणि ओढत्या जाळ्यांपासून बचाव हे सगळे एकत्र मिळाल्यावर जीव तिथे गोळा होणारच. आमच्या गावच्या धक्क्याच्या खांबांनाही कालवे लगडलेली असतात. इतकी वर्षे आम्ही ती पाहिली, पण खांबाखाली एक गाव वसलेले आहे असे कधी मनात आले नाही.

"पण चालत्या धक्क्याखाली उतरायला देतात कसे?" आम्ही विचारले.

"प्रत्येक धक्क्याचा कायदा वेगळा," भाचा म्हणाला. "आधी धक्का कोणाचा ते बघायचं. ऑस्ट्रेलियात एक्समाउथला नौदलाचा धक्का आहे. तिथे परवानाधारक संस्थेबरोबरच जाता येतं, एकटं-दुकटं नाही. कॅरिबियन समुद्रात बोनेर बेट आहे. तिथे मिठाची जहाजं भरण्याचा धक्का आहे, त्याच्याखाली लोक बुडी मारतात, पण जहाज लागलेलं असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. त्याच बेटावर गावातला जो धक्का आहे, त्याला परवानगी आणि वाटाड्या दोन्ही लागतात. समुद्र सगळ्यांचा असला तरी धक्का कोणाचा तरी असतो."

स्वॉनेजला पोचल्यावर त्याने आधी पैसे भरले आणि बोटी कोणत्या बाजूला, किती वाजता लागणार ते विचारून घेतले. मग मित्राबरोबर एकमेकांची तपासणी सुरू केली. दोघांनी एकमेकांचे पट्टे ओढून पाहिले, हवेचा दाब वाचला, नळीतून श्वास घेऊन पाहिला. बक्कल कुठे सुटते हे दुसऱ्याला माहीत असलेच पाहिजे. दोघांच्याही छातीशी तंगूस कापायची छोटी सुरी होती. धक्क्याखाली मोठी भीती जलचरांची नसते. गळवाल्यांच्या तुटलेल्या तंगुसाची असते, कारण ती पाण्यात दिसतच नाही.

आमच्यातला विज्ञानवाला मध्येच म्हणाला, "बोट आली तर आवाज येईलच की."

"येतो, पण कुठून येतो ते कळत नाही." भाच्याने उत्तर दिले, आणि वर्गात शिकवलेली गोष्ट आम्हाला पहिल्यांदा खरी वाटली. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर. दोन्ही कानांत तो जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे दिशा लागत नाही. पंखा डोक्यावर आहे की शंभर मीटरवर, हे कान सांगू शकत नाही. म्हणून नियम असा की धक्क्याच्या खांबांमध्येच राहायचे, बोटी लागतात त्या बाजूला जायचे नाही, आणि आवाज आला तर वर यायची घाई न करता खांबाशी थांबायचे. वर येताना हात डोक्यावर धरून, वर पाहत, हळू यायचे. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो कमी होतो आणि फुप्फुसातली हवा फुगते. श्वास रोखला तर चार-पाच मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकते. उथळ पाण्याला म्हणूनच कोणी हलके घेत नाही.

मग आला लेकीचा प्रश्न. नवख्यांना प्रशिक्षकाबरोबर एकदा उतरून पाहता येते. तिचे वय अठराच्या आत, म्हणून आमची सही लागणार होती. एक फॉर्म होता. हृदय, कान, फिट्स, औषधे असे प्रश्न ओळीने. त्यात एक प्रश्न दम्याचा.

लेकीला लहानपणी दमा होता. सातवीपर्यंत पंप जवळ ठेवावा लागे. त्यानंतर काही त्रास नाही. एका 'हो'ने डॉक्टरचे पत्र लागणार आणि ते त्या दिवशी मिळणार नव्हते. ती आठवडाभर या दिवसाची वाट पाहत होती. लिहायला लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू? आमच्याच तोंडून निघाले, "ते लहानपणीचं आहे गं. आता कुठे आहे? 'नाही' लिही."

तिने आमच्याकडे पाहिले. पेन थांबवले आणि विचारले, "अब्बू, तुम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये असं म्हणाल का?"

तिने 'हो'वर खूण केली आणि फॉर्म परत दिला. काउंटरवरच्या बाईंनी तो वाचला, तिचे आभार मानले, आणि आज नाही, पत्र घेऊन जरूर ये, असे सांगितले. ना रागावणे, ना समजूत घालणे. लेकीचे डोळे भरून आले. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. आमच्याकडे बोलायला काही नव्हते.

भाचा तिच्याकडे गेला आणि हातात एक पाटी दिली. म्हणाला, "मग तू आमची वरची माणूस हो. तुझ्याशिवाय आम्ही उतरत नाही." ही नुसती समजूत नव्हती. वर एक जण घड्याळ घेऊन पाहिजेच, असा त्यांचा नियम होता आणि ते काम त्या दिवशी आमची बहीण करणार होती. लेकीने पाटीवर दोघांची नावे लिहिली. टाकीतला दाब २०० बार. पाण्यात शिरण्याची वेळ ११ वाजून १० मिनिटे. बाहेर यायची वेळ ११ वाजून ५०. बारापर्यंत वर आले नाहीत तर कोणाला सांगायचे, तेही लिहिले. जवळच जीवरक्षक बोटीचे ठाणे आहे. १८७५ पासून ते चालते आणि त्याचे खलाशी गावातलेच स्वयंसेवक असतात. निळा-पांढरा झेंडाही तिला दाखवला. बोटीवर तो दिसला की अर्थ एकच: खाली माणूस आहे, दूर राहा, हळू चला.

दोघे पायऱ्या उतरून पाण्यात गेले. थोडा वेळ फळ्यांच्या फटीतून बुडबुडे दिसत होते. मग तेही दिसेनासे झाले. थंडगार हिरवे पाणी आणि वरून चालणारी माणसे. आइस्क्रीम खाणाऱ्या एका मुलाच्या पायाखाली आमचा भाचा होता आणि त्या मुलाला त्याचा पत्ता नव्हता.

साडेअकराच्या सुमारास एक बोट धक्क्याकडे येताना दिसली. दिलेल्या वेळात ती नव्हती. लेक पाटी घेऊन धावली. पिवळ्या जाकिटातल्या माणसाला तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, दोघे खाली आहेत. त्याने पाटी वाचली. "दोन, आणि खांबांच्या आत," एवढे तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले. मग बोटीवाल्याला हात केला. बोट बाहेरच थांबली, नंतर अगदी सावकाश आपल्या ठरल्या बाजूला येऊन लागली. इंजिन बंद झाले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला आहे, हे आमच्या लक्षात आले. गावच्या धक्क्यावर त्या संध्याकाळी एक पाटी असती तर? एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

११ वाजून ४७ मिनिटांनी पायऱ्यांपाशी एक हात वर आला, मग दुसरा. लेकीने आधी वेळ लिहिली आणि मगच ओरडली. अलहमदुलिल्लाह, आमचा श्वास मोकळा झाला. भाचा नळी काढून म्हणाला, "बोटीचा आवाज आला. आम्ही खांबाशी थांबलो. वर तू आहेस हे माहीत होतं."

परतताना मोटारीत मागे तिघे झोपले होते. आम्ही दोघे जागे होतो. नियम म्हटला की आपल्याकडे पहिला विचार येतो तो टाळायचा कसा. कोणी नाव विचारले की वाटते अविश्वास, फॉर्म दिला की वाटते कटकट. आम्ही तर मुलांना शिस्त शिकवणारे, आणि तिथे आम्हीच तिला खोटे लिहायला सांगितले होते. तो फॉर्म, ती पाटी, तो झेंडा यांचा हेतू एकच होता: पाण्याखाली कोण आहे, हे वर कोणाला तरी माहीत असावे.

आपले वाचक सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात आणि तिथे स्कूबाही करतात. जरूर करावे. पण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हेही लक्षात ठेवावे. बोटीला परवाना आहे का, माणसे क्षमतेइतकीच आहेत का, लाइफ जॅकेट नुसते बोटीवर आहे की अंगावर बांधले आहे, पाण्यात आपल्याबरोबर कोण उतरणार आणि वर कोण मोजणार, हे विचारायला संकोच करू नये. जो विचारल्यावर चिडतो, त्याच्या बोटीत बसू नये. आणि आजाराच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. मुलांना तर खोटे लिहायला मुळीच सांगू नये. आम्ही हा धडा आमच्याच मुलीकडून शिकलो.

गावी परतल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो आता धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. लेकीने त्याला पाटीची सगळी हकिकत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "सर, आपल्याकडे पाटी कोण लिहील? हात मासळीचे, ओले. दुसरं काही तरी पाहिजे." थोडा वेळ विचार करून म्हणाला, "चावी. जो खाली उतरेल, इंजिनाची चावी त्याच्या कमरेला. आणि सुकाणूला लाल फडकं."

पुढच्या आठवड्यात तो चुलत्याशी बोलला, चुलता आणखी चार जणांशी. सगळ्यांनी ऐकले असे नाही. काही हसले. पण परवा संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो, तर एका बोटीच्या सुकाणूला लाल फडके बांधलेले होते आणि बाजूचा बोटवाला आपले इंजिन बंद करून, विडी ओढत, खालचे पोर वर यायची वाट पाहत बसला होता.